चिखल्याचे बैल आणि माझा तक्ता

फिरतीवरच्या माणसांचे काम नीट व्हावे यासाठी कार्यालयात बसलेल्याला नेमके काय यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. उत्तर मला सापडले. पण ज्याच्यामुळे सापडले त्याचा हेवा मला आजही वाटतो, हे आधीच सांगितलेले बरे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तुमसरला, गुरांना लस टोचणाऱ्या एका कार्यालयात लिपिक होतो. पूर्वी शाळेत शिकवले होते, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणत. लस टोचणारे सायकलीला बर्फाचा थर्मास बांधून गावोगाव जात. त्यांचे दौरे आखण्याची जागा रिकामी झाली होती आणि साहेब ती मला किंवा समोरच्या टेबलावरच्या लिपिकाला देणार होते. मला ती हवीच होती. मी नकाशावर अंतरे मोजून, रंगीत पेन्सिलींनी तक्ते करीत असे. तो पान खात गप्पा मारीत असे. तरीही दौऱ्याहून आलेला माणूस मला ओलांडून त्याच्याशेजारी जाऊन बसे. ते पाहून माझ्या पोटात दुखे.

पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचायची होती. साहेबांनी परीक्षा म्हणून मला मँगनीजच्या खाणीशेजारच्या चिखल्याकडची गावे दिली, त्याला नाकाडोंगरीकडची. चिखला मी सकाळी ठेवला. उन्हाआधी काम आटोपावे, बर्फ टिकावा, हा हेतू. माझा माणूस दुपारी परतला तो थेट समोरच्या टेबलाकडे.

"काय गा, तोंड काहून वाळलं?"

"बैल धराले मानूस नाही, भाऊ. सकाळपाळीले सारे गडी खाणीत. बाया म्हनते, मालक आल्यावर या. फोडलेली लस फेकून येऊन राहिलो."

"तूच त मले सांगतलं होतं, पाळी सुटाचा भोंगा झाल्याबिगर तिथं मानूस भेटत नाही!"

मी उठून माझ्या माणसाला म्हणालो, "मग मला का नाही सांगितलेस?"

"तुमी तक्ता देल्ला, गुरुजी. शाळेत मास्तरले कोनी उलटं इचारते का?"

"तक्ता खाणीच्या फाटकाले लावा," समोरचा म्हणाला. "बैल वाचून रांगेनं येतीन."

सगळे हसले. साहेबही.

चिखला समोरच्या लिपिकाकडे गेला. त्याने खनिजाच्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर गावात निरोप धाडला, गिरणीतून धानाचे तूस आणून त्यात बर्फ बांधला आणि तो एसटीने पाठवला. माणूस भोंग्यानंतर पोहोचला. मालकांनी बैल धरले. जागा त्याला मिळाली.

त्याचा पहिला दौरा मी केवळ चुका काढण्यासाठी वाचला. दोन गावे उलट्या क्रमाने होती, लांबचे पहिल्या दिवशी आणि जवळचे दुसऱ्या. मला झालेला आनंद शब्दांत मावणार नाही. मी दाखवताच तो म्हणाला, "जवळच्या गावी पयल्या दिवशी बाजार राहते, गुरुजी. घरी कोन भेटन?" हे त्याने आधीच विचारून ठेवले होते. जागा गेल्यापेक्षा हेच मला अधिक लागले.

नकाशा वाचता आला पाहिजे, यात शंका नाही. त्यात मी त्याच्यापेक्षा सरस होतो आणि तसेच आजही म्हणतो. परंतु माणूस पाठवण्याआधी त्याला विचारणे, परतल्यावर हिशेब मागण्याआधी त्याचे ऐकणे, तो पोहोचण्याआधी निरोप आणि बर्फ पोहोचवणे, हे समोरच्या लिपिकाला येत होते. मला कोणी शिकवले नव्हते. त्याला तरी कोणी शिकवले होते?

माझ्या म्हणण्यावर विसंबू नका. मी हरलेल्या बाजूचा आहे. आपल्या कार्यालयात फिरतीचे काम करणारा कोणी असेल, तर निघण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारले होते का, एवढे त्यालाच विचारा आणि स्वतः पडताळून पाहा.