चीन पाच, आपण एक

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि वाचून झाले की मनातल्या मनात त्यांची कारणं शोधतो. वारा, ताप, अर्धवट झोप, योगायोग... बहुतेक वेळा एखादं सापडतं. साखळीच्या एका शाळेत मी ग्रंथालय सांभाळतो. भुतंखेतं आमच्याकडे सात नंबरच्या कपाटात आहेत आणि तिथून ती कधी बाहेर आलेली नाहीत. तरीही आज लिहायला बसलो आहे, कारण या एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आमचं घर आमोण्याला, मांडवीच्या काठापासून चालत पाच मिनिटांवर. बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते वेगळ्या कारणासाठी. गावच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की काळ्या फळ्यापाशी खडू घेऊन बाबा उभे. चाळीस वर्षं. चुकीचा स्कोअर सांगणं त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं. एकदा पेपरात आमच्या गावाचा एक गोल कमी छापून आला, तर ते बस धरून पणजीला गेले आणि दुरुस्ती छापून घेऊनच थांबले. मला मात्र या खेळातलं काही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून तीनदा समजावलं होतं. चमचे तेवढे लक्षात आहेत.

चीनमध्ये झालेले मागचे आशियाई खेळ तुम्हाला आठवत असतील. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आपला पहिलाच सामना यजमानांशी होता, तोही ऐन चवथीच्या दिवशी. बाबा तेव्हा डिचोलीला इस्पितळात. ज्यांना चालता येत होतं ते सगळे रुग्ण गणपतीसाठी घरी गेलेले, वॉर्ड रिकामा. मी फोनवर स्कोअर बघून त्यांना सांगत होतो. त्यांना श्वास पुरत नव्हता, पण राग पुरत होता.

"आदल्या दिवशी पोचली रे टीम. झोपूक तरी दिलें काय त्यांना?"

मध्यंतराला एक-एक. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले, आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर हलली, काहीतरी लिहिल्यासारखी. मग त्यांना झोप लागली. ते झोपलेले असताना चीनने आणखी चार गोल केले.

जागे झाल्यावर पहिला प्रश्न, "शेवटी?"

मी फोन खिशात ठेवला. "एक-एकच, बाबा. बरोबरी."

"चीनशी? चीनमध्ये जाऊन?"

"हो."

"बरें केलें पोरांनी," म्हणाले आणि हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यांनी माझ्याकडून ऐकलेली शेवटची गोष्ट खोटी होती, आणि खोटा होता तो स्कोअर. सुतकात टीव्ही बंद होता. मी फोनवर आपल्या पुढच्या प्रत्येक सामन्याची बातमी शोधून वाचायचो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर होतो. मी, भटजी आणि माझा थोरला चुलतभाऊ दिगंबरदादा, ज्याचे खाणीवर ट्रक चालायचे. पिंड ठेवले. समोरच्या माडावर एक कावळा येऊन बसला होता. तो खाली उतरेना.

दादाने हात जोडले. "काका, काकीची काळजी आमच्यावर सोड." कावळा नदीकडे बघत होता.

"सुलूक चवथीचें वजें दर वर्सा वतलें." सुलू म्हणजे माझी बहीण, माहेरून तिला जाणाऱ्या सणाच्या भेटीबद्दल दादा बोलत होता. कावळ्याने पंख खाजवला.

"तुझी स्कूटर विकूचे ना."

भटजी घड्याळ बघत होते. "महालय लागतोय. आता पंधरा दिवस ह्या कावळ्यांना भाव येणार."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दर्भाचा कावळा करू. मला अकरा वाजता लाटंबार्सेला पोचायचंय."

दर्भाचा कावळा चालतो, शास्त्राला मान्य आहे. पण गवताच्या कावळ्याला खरा स्कोअर सांगता येत नाही... हे वाक्य माझ्या डोक्यात अगदी असंच उमटलं, आणि मी स्वतःच दचकलो. भटजींनी दर्भ हातात घेतला तेव्हा मी उठून माडाच्या दिशेने चार पावलं गेलो आणि हळू म्हणालो,

"बाबा, चीन पाच, आपण एक."

कावळा खाली आला. पिंडापासून दोन उड्यांवर बसला आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघू लागला.

"काकांक हें माहीत नासलें?" दादाने मागून विचारलं.

"मी त्यांना एक-एक सांगितलं होतं."

मग दादा म्हणाला, "त्या मनशाक? खोटो स्कोअर?" भटजींनीसुद्धा माझ्याकडे असं पाहिलं, की दर्भाचा विषय राहूनच गेला.

"मध्यंतरापर्यंत खरंच एक-एक होतं," मी कावळ्याला म्हणालो. "मुलं थकलेली होती, प्रवासातून थेट..."

"कारणां सांगू नाका. काका कारणां आयकना."

खरं होतं. मी फक्त निकाल सांगायला लागलो. बांगलादेशाविरुद्ध एक-शून्य, जिंकलो. कावळा एक उडी पुढे. म्यानमारशी एक-एक, ही बरोबरी खरी. आणखी एक उडी. "बाबा, आपण बाद फेरीत गेलो." आता तो पिंडाला लागूनच उभा होता.

"आनी काल सौदीकडेन हारले," दादाने घाईने संपवलं. "तीन-शून्य."

चोच पिंडावर टेकणारच होती, ती वर आली. कावळा दादाकडे बघत राहिला. इतका वेळ, की दादा एक पाऊल मागे सरकला.

"दोन," मी म्हणालो. "दोन-शून्य."

त्याने पिंडाला चोच मारली.

भटजींच्या मते कावळ्याला भूक लागली होती. दादाच्या मते काका तसेच होते, यात नवल काय. मी योगायोगाचा हिशेब मांडून बघितला... एकदा खाली येणं योगायोग, दोन उड्याही योगायोग, पण तिसऱ्या गोलापाशी चोच वर का आली, तिथे माझं गाडं अडतं. माझ्याकडे खरंच स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, इस्पितळातलंसुद्धा. बाबांना माझा राग आला असेल का, हे विचारायचं होतं, पण ते तेवढं विचारलं नाही. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"खाल्लें रे त्यांनी?"

"खाल्लं. सगळं."

"मग राग ना. रागार आसले जाल्यार जेवले नासते. म्हज्याकडेन रागावून धा-धा दीस उपाशी रावल्यात."