समताचा माग

समताने "चालते" म्हटलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

स्थळ वडनेर भोलजीचं. मुलाचं नाव गजेंद्र. माझी नणंद सुभद्राताई त्याच गावात दिलेली, तिनेच सुचवलं. मुलगा शांत आहे, शिकलेला आहे, घरचे लोक साधे आहेत. ते पाहून गेले, त्यांचा होकार आला, तेव्हा समताच्या पप्पांनी तिला विचारलं, "काय मग, बेटा?" ती ताटलीतली शेव वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "चालते." ह्यांनी लगेच बहिणीला फोन लावून सांगितलं की पोरीने हो म्हटलं. आता रविवारी मंडळी तारीख काढायला मोताळ्याला येणार आहेत. घरात सगळे खूश आहेत. मी मात्र सगळे निजले की त्या एका शब्दाभोवती फिरत राहते.

कारण हा शब्द मी समताच्या तोंडून ती बोलायला लागल्यापासून ऐकते आहे.

अंगणवाडीतून एकदा ती दोन वेगवेगळ्या चपला घालून आली. एक तिची, एक कोणा दुसरीची. मी रागावले, तर म्हणे, "चालते ना, मम्मी. दोन्ही पायातच जाते." आठवडी बाजारात कापड घ्यायला गेलो की दुकानदाराने पहिला तागा उलगडायच्या आत ती बोट ठेवायची, "हा चालते." दुकानदार मला म्हणायचा, "वहिनी, असं गिऱ्हाईक रोज पाठवत जा." अकरावीला सायन्स घेतलं, कारण मैत्रीण महामाया सायन्सचा फॉर्म भरत होती आणि एकाच पेनाने दोघींचं काम होत होतं. बरं, शिकली चांगली. बी.एस्सी. झाली. आता बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लहान मुलं तिच्याकडे सुई टोचून घेताना रडत नाहीत, कारण ती त्यांना सुभद्राआत्याची नक्कल करून दाखवते. आत्या फोनवर इतक्या मोठ्याने बोलते की फोनची गरजच नसते, वडनेरहून तसंच ऐकू येईल, आणि नक्कल अगदी हुबेहूब.

म्हणजे पोरगी मुखदुर्बळ नाही. हसते, हसवते, स्वयंपाक करताना शीळ घालते. फक्त स्वतःसाठी काही निवडायची वेळ आली की "चालते".

मण्यांचं वेडही तिला असंच चालता चालता लागलं. महामायाच्या घरी दारावरचं मण्यांचं तोरण तुटलं. मणी खाटेखाली, कपाटाखाली, पाळलेल्या मांजरीच्या दुधात. समताने ते सगळे गोळा करून तोरण परत ओवून दिलं. मग तिने मण्यांच्या पट्ट्या विणायला घेतल्या. बुटांच्या खोक्याला दोन्हीकडे चिरा पाडायच्या, त्यात धागे ताणून अडकवायचे, सुईत मणी घेऊन ते त्या धाग्यांच्या खालून न्यायचे, आणि सुई वरून मण्यांतून परत आणायची. हातातलं कडं, चावीची पट्टी, असं करत करत तिने मनात धरलं की विहारात बुद्धमूर्तीपुढच्या मेजाला लांब पट्टी विणायची. पंचशील ध्वजाचे रंग, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी.

पण मेज लांब आणि खोकं आखूड. शिवाय धागे ताणले की पुठ्ठा आत वाकायचा आणि मण्यांची ओळ कमरेत लचकायची. तेव्हा मणी विणायचा माग घेणं आलं.

पहिला माग फोनवरून मागवला. तारेचा होता, खेळण्यासारखा. तिने धागा बांधला, ओढला, तशी त्याची चौकट नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, "आणला आहे तर राहू दे, चालून जाईल." दुसऱ्या दिवशी पाहते तर खोकं चिकटपट्टी लावून परत पाठवायला तयार.

मग आम्ही दोघी बुलढाण्याला बस बदलून चिखलीला गेलो. तिथे मणी, लोकर, गोंडे विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराने आतून एक चकचकीत माग आणला. दोन्ही बाजूंना गोल दांडे, विणलेली पट्टी गुंडाळत जायची सोय. मला तर फारच आवडला.

समताने पर्समधून स्वतःचा धागा काढला. बांधला, दांडा फिरवला, ताण दिला आणि सोडून पाहिलं. दांडा हळूच मागे फिरला. धागे सैल पडले.

"हा थांबत नाही," ती म्हणाली.

"ताई, हलकासा ढिला राहतेच," दुकानदार म्हणाला. "सगळे हाच नेतात. चालते."

"मले नाही चालत."

मी दुकानात होते, समोर लोकरीचे गुंडे होते, आणि मला वाटलं, मागे दुसरीच कोणी मुलगी बोलली. वळून पाहिलंसुद्धा. दुकानदाराने अजून दोन माग काढले. एकाच्या कडेने धागा कापला जात होता. दुसऱ्याच्या खाचा तिच्या मण्यांना बसत नव्हत्या, मणी एकमेकांच्या अंगावर चढत होते. "हाही नाही," "हाही नाही." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी पर्स उगाच उघडून बंद केली.

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीला डोकं टेकवून सांगितलं, "मी कचरूकाकांकडून करून घेतो."

कचरू मिस्त्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी दारं, खिडक्या, दिवाण बनवतात. त्यांना ऐकू कमी येतं, आणि मशीन चालू असलं की मुळीच येत नाही.

"काका, मले माग पाहिजे," समता म्हणाली.

"माग ना मंग. काय मागतं?"

"माग, काका. माग."

"अवं, माग म्हणूनच तं सांगून राह्यलो. लाजू नको. दिवाण पाहिजे का? लगन जमलं म्हणे तुयं."

मला हसू आवरेना. शेवटी समताने मशीन बंद केलं आणि प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलने चित्र काढलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "असं. विणाचा माग. आपल्या मोताळ्यात माग मागणारी तू पह्यलीच."

"दोन्हीकडं गोल दांडे," ती बोट फिरवत होती. "फिरवले तं फिरले पाहिजे, अन् थांबवले तं तिथंच थांबले पाहिजे. अन् धागे वेगळे ठेवाले काहीतरी दातेवालं."

"कंगवा लाव," काका म्हणाले.

त्यांनी थट्टा केली होती, पण समता तिथूनच गोपालच्या जनरल स्टोअर्समध्ये गेली. एकेक कंगवा घेऊन त्याच्या दोन दातांमध्ये मणी बसवून पाहायला लागली. गोपाल गल्ल्यावरून म्हणाला, "ताई, कंगवा डोक्याले पाहिजे का मण्याले?"

"मण्याले."

"मण्याचे केस गळून राह्यले का?"

"तुमच्यासारखेच," ती म्हणाली. गोपालने टकलावरून हात फिरवला आणि आतले कंगवेही काढून दिले.

एक बसला. काकांनी तो मधोमध कापून मागाच्या दोन टोकांना जडवला. दांड्यांना हाताने आवळायचे नट लावले. आणि आपल्या मनाने, कोणी सांगितलं नसताना, कडेच्या पट्ट्यांवर आतबाहेर फुलं कोरली. "लग्नात मांडाले चांगला दिसन," म्हणाले.

समताने फुलांवरून हात फिरवला. मला वाटलं, आता म्हणेल, चालते. इतक्या मायेने केलेल्या वस्तूला कोण नाही म्हणेल?

"काका, फुलं लय सुंदर आहे. पण आतल्या बाजूनं नको. धागा अडकते."

काका जरा हिरमुसले. "घासून टाकतो. बाहेरून तं चालते ना?"

"चालते काय, काका. बाहेरून पाहिजेच."

काकांचा चेहरा असा फुलला की लाकडातली फुलं फिकी पडली. आणि मी तिथे भुशात उभी राहून विचार करत होते की या मुलीजवळ "नाही चालत" आहे, "पाहिजे" आहे, सगळं आहे. मग गजेंद्रसाठी तिने नेमका तोच जुना शब्द का काढला?

आज संध्याकाळी ती मागावर बसली होती. निळा रंग संपून पिवळा सुरू झाला होता. ओळ सरळ, आखल्यासारखी. मी शेजारी बसले आणि विचारून टाकलं, "समता, गजेंद्र चालते, का पाहिजे?"

सुई थांबली. "मम्मी, हे काय विचारणं झालं?"

"सांग तं खरं."

"मले काय माहीत? त्या दिवशी तो खाली पाहून पोहे खात होता, मी वर पाहून पंख्याची पाती मोजत होती."

"मंग चालते काऊन म्हटलं?"

"पप्पांनी 'काय मग' असं विचारलं. 'काय मग'ले दुसरं काय उत्तर असते?" ती हसली, मग हसू थोडं ओसरलं. मागावर ताणलेल्या धाग्यांवरून तिने बोट फिरवलं, तसे ते वाजले. "हे घेतानी मी बांधून पाह्यलं, ओढून पाह्यलं. तुम्ही तं मले एक प्लेट पोह्यावर तारीख काढून राह्यले."

"मंग काय पाहिजे तुले?"

तिने सुई मागाच्या कडेला टेकवली. "त्याच्याशी बोलाचं आहे. एकदा नाही, दोन-चारदा. आत्या नको, पप्पा नको, तू बी नको. मंग मी सांगतो."

"अन् नाही आवडला तं?"

"तं नाही म्हणन." तिने पिवळा मणी सुईवर घेतला. "पण पोह्यातली मिरची त्यानं बाजूला नाही काढली, एवढं पाह्यलं मी."

मी हे ह्यांना सांगितलं. ते उठून बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. पण ताईले कोण सांगन?" आणि माझ्याकडे पाहत, "तू बी.ए. आहे, तू सांग," म्हणून चादर डोक्यावरून ओढून घेतली. चादरीखालून घोरण्याचा आवाज येतो आहे, खरा की खोटा कोण जाणे.

सुभद्राताई चिडतील. "पोट्टीनं चालते म्हटलं होतं ना?" असं त्या म्हणतील, आणि अर्धा मोताळा ते ऐकेल. मी त्यांना सांगेन, हो ताई, म्हटलं होतं. पण आम्ही विचारलंच नव्हतं. रविवारी तारीख नको. गजेंद्रला एकट्याला पाठवा, पोहे करते, आणि आम्ही दोघं विहारात मेजाचं माप घ्यायला जातो.

उजाडलं की, चहा ठेवायच्या आधी, तो फोन मीच लावणार आहे.