नदीतली पोर मी बुडवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? कुणाला मारलं नाही, चोरी केली नाही. तरीही आज सांगतो.

मी मराठीचा मास्तर. पडेगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं कविता शिकवतोय. बायको, शोभा, घरीच ब्लाऊज शिवते. सातवीनंतर तिची शाळा सुटली. लग्न झालं तेव्हा मी हौसेनं तिला कविता वाचून दाखवायचो. ती भाजी निवडत नुसतं ‘हूं, हूं’ करायची. पुढं मी नाद सोडला. हिला यातलं काही कळत नाही, असं ठरवून टाकलं — सोयीचंच होतं ना ते?

दोन वर्षांपूर्वी तिच्या मोबाइलवर पुस्तकं ऐकायचं ॲप मीच घालून दिलं. दुपारी एकटी असते, तेवढाच विरंगुळा. आणि ती ऐकायलाच लागली! आधी कविता, मग एक लांबलचक गोष्ट — आईला शोधायला नदीपार निघालेल्या पोरीची, निम्मी गाण्यासारखी. वाचणारी कुणी बाई होती. तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून शोभानं शिलाई मशीनची मोटर काढून ठेवली आणि पुन्हा पायानं मशीन चालवायला लागली. गुडघे दुखत असताना! एखादी ओळ आली की पाय थांबायचे, डोळे भरायचे. माझ्या वाचण्यानं कधी भरले होते?

एकदा न राहवून विचारलंच, माझ्या वाचण्यात काय कमी होतं?

“तुमी वाचलं की धडा वाटायचा वो,” ती सहज म्हणाली. “ही बाई वाचती तवा ती पोर इथं येऊन बसती.”

जळलो. साफ जळलो — जिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, अशा बाईवर. शाळेत मोकळ्या तासाला कानात इअरफोन घालून ती गोष्ट मी गुपचूप ऐकून संपवली. बाई खरंच छान वाचत होती. त्यानं तर मी आणखीच पेटलो.

शोभाचे शेवटचे दोन भाग राहिले होते. ती अंघोळीला गेली तेव्हा मी ॲप काढून टाकलं. सांगितलं, “बंद पडलं ते, सगळ्यांचंच.” तिनं लगेच विश्वास ठेवला. एवढंच विचारलं, “मग त्या पोरीचं काय झालं वो? तुमाला ठाव असंल.”

ठाऊक होतं. पोर पलीकडं पोचते. काठावर आई उभी असते.

“बुडाली,” मी म्हणालो.

ती दोन दिवस मशीनवर बसली नाही. तिसऱ्या दिवशी मोटर परत लावली.

आता ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकांना ती ही गोष्ट सांगते. बायका माप द्यायचं विसरून ऐकत बसतात. मी आतल्या खोलीत वह्या तपासत असतो. पोर पाण्यात उतरते तिथं शोभाचा आवाज बारीक होतो — आणि दर वेळी पोर बुडते. मी उठून बाहेर जात नाही. इतकं सुंदर सांगते ती, की अजूनही मला हेवाच वाटतो. आता तिचा.