साडूंनी केलेला कायदा

माझ्या थोरल्या साडूंइतका नियमाचा माणूस आमच्या कालव्याच्या काठानं दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांचे नियम पाळता पाळता गाव उपाशी मेलं असतं. मी तिसरीतून शाळा सोडलेला, पण माणूस ओळखायला मला कुणी शिकवू नये. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणायचो. मी अंथुर्ण्याचा, त्यांची बागायत कन्हेरीच्या अंगाला. अमावस्येला औत धरायचं नाही हे सगळेच पाळतात, पण तात्या त्या दिवशी पायात वहाणही घालत नसत. बैलाला सुट्टी आहे तर बैलाच्या कातड्यानं तरी का राबावं, असं त्यांचं म्हणणं. चातुर्मासात त्यांना वांगं वर्ज्य, आणि त्याच चातुर्मासात त्यांच्या रानातल्या वांग्यांच्या पाट्या बारामतीच्या बाजारात जायच्या. मी एकदा डिवचलंच, "तात्या, तुमाला न चालणारं वांगं बारामतीकरास्नी कसं चालतं?" तर बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "पाव्हणं, मी वांगं इकतो, चातुर्मास इकत न्हाय. ज्यानं त्यानं आपापला सांभाळावा." एका सालात कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी नेमकी आरतीच्या वेळेला आली, तर आरती सोडून ते दारं धरायला गेले नाहीत, आणि उसाचा एक तुकडा वाळून कोळ झाला. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या मंडळींची थोरली बहीण. ती म्हणाली, "देवाला वाळल्याला ऊस दिसत न्हाय व्हय?" तात्या म्हणाले, "दिसतो की. म्हणून तर त्यो मला पारखतोय." आक्का म्हणाली, "पारखून झालं आसंल तर जनावरांपुढं टाकते त्यो."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण नियम करणाऱ्या माणसाचं असं असतं, की घरातले नियम त्याला पुरेनासे झाले की तो गावाकडं वळतो.

स्वराज्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. बारामतीहून एक नर्सबाई चावडीवर आल्या आणि पाळणा लांबवा, दोन पोरांत अंतर ठेवा, असं सांगू लागल्या. गडी खाली माना घालून हसत होते. तात्यांनी मात्र सरळ विचारलं, "कसं ठेवायचं अंतर? औषध हाय का?" बाई म्हणाल्या, "औषध वाटायला आम्हाला वरून परवानगी नाही. दिवस मोजून संयम पाळा, एवढंच सांगायचा हुकूम आहे. वरच्या मोठ्या माणसांत काहींना ते धर्माच्या विरुद्ध वाटतं." तात्यांचा चेहरा असा उजळला की जणू दिल्लीहून त्यांना खलिताच आला. "बघा! सरकारात बी देवाला भिणारं कुणी हाय!" म्हणाले, आणि बाईंना स्वतः पाणी दिलं.

दोन-तीन वर्षांत तो हुकूम सैल झाला. त्याच बाई पिशवीत औषधं घेऊन आल्या. शिवाय बाळंतपणानंतर बाईची इच्छा असेल आणि नवऱ्यानं सही दिली, तर बारामतीला ऑपरेशनही होतं, असं त्यांनी सांगितलं. तात्यांनी त्या दिवशी पाणी विचारलं नाही. संध्याकाळी भैरोबाच्या देवळात त्यांनी गाव गोळा केलं. "सरकारनं दावं सोडलं," ते म्हणाले, "तर आता गावानं आवळायचं. मूल देणारा त्यो, न देणारा बी त्योच. मधी आपुन दार लावायचं न्हाय." मग घरटी एक गडी पुढं आला, ताटातल्या बेलावर आणि भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेऊन गेला. ज्या गड्याच्या संमतीनं घरात हे औषध किंवा ऑपरेशन होईल, त्यानं देवळाची पायरी चढायची नाही. बायकांना बाहेर लिंबाखाली उभं केलं होतं. तिथून एक म्हातारी ओरडली, "बाळतपण आमी करायचं आन् शपथ तुमी घ्यायची व्हय रं मुडद्यांनो?" गडी हसले. तात्या हसले नाहीत. "म्हातारे, घरामागं एक हात. आन् घर म्हंजे गडी," असं त्यांनी नियम वाचल्यागत सांगितलं. मी पाहुणा, त्यामुळं माझा हात मोजला नाही. पण मान मीही हलवली होती, हे लपवत नाही.

पुढच्याच वर्षी आक्काचं सातवं बाळंतपण अडलं. दोन दिवस सुईणीनं खटपट केली, मग बैलगाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेली, मी सायकलनं मागोमाग. पोर वाचली, पण आक्काच्या अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा दिवस गेले तर बाई हाताला लागणार नाही. जरा सावरली की ऑपरेशन करून टाकू. सही करा." तात्यांनी टाक हातात घेतला आणि खाली ठेवला. "देवाला इचारून येतो," म्हणाले आणि गेले. तो दिवस गेला, दुसरा उजाडला, तरी त्यांचा पत्ता नाही. शेवटी आक्कानं मला खाटेजवळ बोलावलं, निरोप सांगितला, आणि मी सायकल काढली.

तात्या गाभाऱ्यासमोर बसले होते. कौल लावला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "पाव्हणं," ते म्हणाले, आवाज पार खोल गेलेला, "कालधरनं बसलोय. उजवी पडंना, डावी बी पडंना." मी वाकून बघितलं. अमावस्या नुकतीच झालेली, तात्यांच्याच नियमाप्रमाणं गुरवानं देवाला तेलात कालवलेल्या शेंदराचा बोटभर जाड लेप दिलेला. पाकळ्या त्यात रुतून बसल्या होत्या.

"तात्या, लेप वला हाय. ह्या पाकळ्या दिवाळीपतुर पडायच्या न्हाईत."

"म्हंजे देवानं त्वांड मिटलंय."

"देवानं न्हाय, तुमी मिटवलंय त्येचं!" माझा आवाज चढला. "तिकडं बाई मरायला टेकलीया."

ते म्हणाले, "म्या एकेकाचा हात धरून भंडाऱ्यावर ठिवला. आता म्याच सही केली तर गावाला काय त्वांड दाखवू? आन् न्हाय केली तर पोरांस्नी काय सांगू?" आणि तो माणूस रडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मग मी निरोप सांगितला, आक्काच्या तोंडचा, जसाच्या तसा. "त्येंना म्हणावं, भंडारा तुमी उचलला, म्या न्हाय. ज्यानं हात लावला न्हाय त्याला शपथ लागती का, ह्यो नियम तुमीच सांगा. आन् मला जगायचंय. हे देवाला सांगू नका म्हणावं, तुमी ऐका."

तात्या बराच वेळ ओठ हलवत बसले. जुना दस्तऐवज वाचावा तसे. शेवटी म्हणाले, "न्हाय लागत. तिचं बरुबर हाय. तिला न्हाय लागत." उठले, उंबऱ्याला डोकं टेकवलं, बाहेर येऊन वहाणा घातल्या. "मला लागती," म्हणाले. "चला पाव्हणं."

सही त्यांनी ठळक केली, पूर्ण नावानिशी. आणि गावात परतल्यावर, कुणी विचारायच्या आधी, देवळाच्या पायरीखाली उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "म्या शपथ मोडली." लोक म्हणाले, "तात्या, जिवावर बेतलं हुतं. ती गोष्ट येगळी. या आत." तात्या म्हणाले, "येगळ्या गोष्टीचं आपुन काय ठरवलं नव्हतं." आणि ते आत गेले नाहीत. त्या दिवशी नाहीत, आणि पुढं कधीच नाहीत.

तो कायदा कुणी मोडीत काढला नाही. झालं एवढंच, की पुढच्या काही वर्षांत आरतीच्या वेळी तात्यांच्या शेजारी आधी एकजण येऊन उभा राहिला, मग दुसरा, मग तिसरा, चौथा. कुणी कुणाला काही विचारत नसे, नुसते सरकून जागा देत. बायका आत, गडी बाहेर, असं ते देऊळ झालं.

आक्का पुढं पुष्कळ जगली. दोघंही आता नाहीत. पण एका उत्सवात मी गेलो होतो तेव्हाचं आठवतं. आत बायकांची दाटी झाली होती, आरती संपून गेली होती, आणि तात्या पायरीखाली टाचा उंच करून, मान लांब करून आत बघत होते. मला वाईट वाटलं. म्हटलं, "तात्या, दिसतो का देव हितनं?"

"देव हाय तितंच हाय की," ते म्हणाले. "ही कुठं दिसंना."