डब्यातली बत्तीस माणसं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, पण माझी बाजू घेऊ नका. मला ती नको आहे.

नागपूरच्या आमच्या महाल भागात आजही कुणाकडे लग्न निघालं की पंगतीला किती पानं मांडायची, ते मला विचारतात. माझा आकडा चुकत नाही. त्या दिवशीही चुकला नव्हता — हेच तर सांगायचं आहे.

पंधरा वर्षं झाली असतील. डिसेंबरात आमच्या गल्लीतली बत्तीस माणसं हिमाचलातल्या देवीच्या दर्शनाला निघाली. पठाणकोटला मोठी गाडी सोडून डोंगरातली छोटी गाडी धरली. बाहेर कोसकोस वस्ती नाही. आत आम्ही स्वेटरांवर चादरी गुंडाळून कुडकुडत बसलेलो. दर स्टेशनाला माणसं मोजायचं काम माझ्याकडे. मी दार उघडं ठेवून दोनदा मोजायचो.

भाऊराव आमच्यातले थट्टेखोर. ते ओरडले, "माणसं मोजून राहिले का मेंढरं? दार लावा गा, कुल्फी होऊन राहिली आमची!"

सगळा डबा हसला. मीही हसलो — का हसलो?

पुढचं स्टेशन अगदी लहान. दुपारचे चार वाजलेले. काही जण पाय मोकळे करून आले, शिटी झाली. मी मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस. भाऊरावांच्या ओठांवर पुढची थट्टा तयार दिसत होती. गाडी थांबवायची साखळी माझ्या हाताशी होती.

"बत्तीस," मी म्हणालो. "पूर्ण." आणि दार लावलं.

कोण कमी आहे, तेही पाहिलं नाही. दहा मिनिटांनी कुणीतरी विचारलं — विमलकाकू कुठं आहेत? आमच्या शेजारच्या. थर्मास घेऊन गरम पाणी आणायला उतरल्या होत्या. सगळे माझ्याकडे वळले. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं की नाही?

मी म्हणालो, "मोजलं तेव्हा होत्या."

मग सगळ्यांनीच ठरवलं — काकू चढल्या आणि विसरून पुन्हा उतरल्या. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं त्या आल्या. रात्र स्टेशनमास्तरांच्या शेगडीजवळ काढलेली, पाय सुजलेले, थर्मास भरलेला. लोक रागावले, त्या ऐकत राहिल्या. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "का गा मधू, मी परत डब्यात चढली होती का? मले काहून आठवत नाही?"

"चढल्या होत्या, काकू."

नागपूरला आल्यावर मुलानं त्यांच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. नवऱ्यामागं एकटीनं घर उभं केलेली बाई — तिला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटीला जाऊ देईनात. त्या भांडल्या नाहीत. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "मधूचा आकडा चुकत नाही." नऊ वर्षं म्हणत होत्या. मी पलीकडच्या ओट्यावर बसून ऐकायचो.

थंडी होती, शिटी झाली होती, लोक हसत होते — असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. मला मोजता येतं, एकतीस आणि बत्तीसमधला फरक कळतो. काकू गेल्या, आता क्षमा करणारं कुणी उरलेलं नाही, आणि असतं तरी मी मागितली नसती.

काकू डब्यात परत चढल्याच नव्हत्या. त्यांना बरोबर आठवत होतं.