छावणीतला रोमचा वर्ग

घाबरलेल्या माणसाला किस्सा सुचत नाही. किस्सा व्हायला आधी माणूस सुखरूप घरी यावा लागतो, हातपाय धुऊन चहा घेऊन बसावा लागतो. आमच्या वर्गातली माणसं बहुतेक वेळा सुखरूप घरी आली, म्हणून तर माझ्याकडं एवढे किस्से साठलेत! कुणाच्या लग्नात, कुणाच्या मातीला आम्ही जुने लोक भेटलो की कुणीतरी सुरू करतं, "बाई, त्या दिवशीचं आठवतं का?" आणि झालं! जेवणाची पानं सुकतात.

आताचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला आठेक वर्षं झाली होती. छावणीत चर्चच्या मागं दोन खोल्यांची आमची प्रचारकांची शाळा होती. खेड्यापाड्यांतली मोठी माणसं तिथं दोन वर्षं शिकायची आणि मग गावोगाव प्रार्थना घ्यायला जायची. मी तेवीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली. शाळा चालवणारे थोरात पाद्रीसाहेब मला म्हणाले, "तू रोम शिकव. पहिले ख्रिस्ती लोक कसल्या राज्यात राहत होते, कुणाला भीत होते, हे कळल्याशिवाय यांना पुढचं काही कळायचं नाही."

मी विचारलं, "आणि मी कुणाला भ्यायचं?"

"विद्यार्थ्यांना!" साहेब म्हणाले.

*

खरंच भ्याले. पहिल्या दिवशी समोर सात जण, सगळे माझ्या वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या वयाचे. सगळ्यांत पुढं येसुबा. कन्नड तालुक्यातला, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. मांडीवर पाटी अशी धरलेली की जणू कुणी हिसकावून नेईल.

मी पाठ केलेलं घडाघडा सांगत सुटले. रोममध्ये एकेक बडा माणूस असायचा. त्याच्या आश्रयानं राहणारे गरीब लोक भल्या सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. मुजरा करायचा, धन्यानं बघितलं तर बरं, नाही बघितलं तरी उभं राहायचं. कधी शिळंपाकं टोपलीत मिळायचं. त्याच्या बदल्यात धनी सांगेल ते काम. धनी बाहेर निघाला की मागं मागं चालायचं.

येसुबानं हात वर केला. "बाई, ह्ये रोम कन्नडच्या घाटाच्या अल्याड का पल्याड?"

सगळे हसले. मीही हसले. येसुबा मात्र हसला नाही. उठला, दारापर्यंत गेला, बाहेर डावीकडं-उजवीकडं बघितलं, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला.

"आता सांगा," तो म्हणाला. "पर जरा हळू. आमच्या पाटलाचा भाचा हितंच छावणीत राहतोय."

*

एकदा खबऱ्यांचा पाठ होता. रोममध्ये कुणीही उठून कुणाचंही नाव सरकारात कळवायचा. अमका आपल्या देवांना मानत नाही, तमका गुपचूप जमाव करतो. नाव गेलं की माणूस गेला. मी जरा रंगवूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खाकी कपड्यातला एक अनोळखी माणूस न विचारता आत आला. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, वही काढली आणि लिहायला लागला. वर बघायचा, आम्हाला मोजायचा, लिहायचा.

आमच्यातल्या चौघांची घरं पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पोलिसांनी एकदा धुंडाळलेली होती. खाकी कपडा दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. मी विचारलं, "येसुबा, रोमचं राज्य कसं होतं?"

"लई चांगलं व्हतं बाई!" येसुबा उभा राहून ओरडला. "सरकार लई चांगलं! कुनाला कायबी तरास नव्हता!"

"आणि ख्रिस्ती लोकांचं काय झालं?"

"त्यांचं तर लईच चांगलं झालं!"

तो माणूस पुढं आला. वही मिटली. "बाई, एवढ्या लोकांना ह्या खोलीत डास चावत नाहीत का? उद्या औषध फवारायला माणसं येतील. भिंतीवरचे नकाशे काढून ठेवा."

मलेरियावाला!

तो गेल्यावर येसुबा धपकन खाली बसला. "बाई," तो म्हणाला, "काल इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं."

*

नकाशाचा विषय निघालाच आहे तर रहीमचाचांचं सांगते.

रहीमचाचा शहागंजात बसायचे. निजामाच्या राज्यात ते एका कचेरीत नक्कलनवीस होते, म्हणजे कागद आणि नकाशे सुबक हातानं उतरवून काढणारे. राज्य गेलं, नोकरी गेली. मग ते दुकानांच्या पाट्या आणि लग्नाच्या चिठ्ठ्या लिहायचे. अक्षर मात्र असं की बघत राहावं. मी त्यांना रोमच्या साम्राज्याचा मोठा नकाशा काढायला दिला.

आठ दिवसांनी घ्यायला गेले. काय सुरेख नकाशा! समुद्र निळा, डोंगर तपकिरी, शहरांवर बारीक घुमट. पण साम्राज्याची हद्द कुठंच नव्हती. पुस्तकात ठळक लाल रेघ होती.

"चाचा, सरहद्द राहिली."

चाचांनी लाल शाईची दौत माझ्याकडं सरकवली. "वो तुम खींच लेव, बाई. मेरे हात से नक्को."

मला वाटलं, हात कापत असेल. म्हटलं, "रेघ तर आहे नुसती, चाचा!"

"हाँ," ते म्हणाले. "निजाम की रियासत का, ऐसीच एक लकीर का पुराना नक्शा पोलीस को मेरे घर में मिला था. कचेरी का काम था, दफ्तर बंद हुआ तो घर में रह गया. ग्यारा दिन अंदर बैठा मैं. रोज एकीच सवाल पूछते थे, ये सरहद तू ने कायको बनाई?"

मी दौतीचं झाकण लावलं. तो नकाशा आमच्या वर्गात तसाच लागला. कुणी पाहुणा विचारायचा, "रोमचं राज्य कुठपर्यंत होतं?" तर मी सांगायची, "भिंत संपेपर्यंत."

*

पहिले ख्रिस्ती आपली माणसं जमिनीखालच्या भुयारांत पुरायचे, तिथं दिवे लावून प्रार्थना करायचे. हे समजावून सांगायला मला एक भारी आयडिया सुचली. बीबीच्या मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात जुनी लेणी आहेत. म्हटलं, चला, सगळ्यांना अंधार दाखवू!

दुपारची वेळ. बाहेर ऊन, आत काळोख. एक टॉर्च, तोही माझ्या हातात, आणि त्याचा सेल अर्धमेला. येसुबा माझ्या मागं, त्याच्या मागं मार्थाकाकू. मार्थाकाकू म्हणजे आमच्या वर्गातली एकुलती एक बाई. विधवा, चाळिशीची, बायकांमध्ये प्रचार करायला शिकत होती. बाकीचे तिच्या मागं. वटवाघळांचा वास येत होता.

आतल्या दालनात गेलो आणि टॉर्च फिरवला.

समोर माणसं बसली होती!

गुडघे टेकून, हात जोडून, ओळीनं. पुरुष होते, बायका होत्या, सगळ्यांची तोंडं आत अंधाराकडं. एकानंही वळून बघितलं नाही. मागं कुणीतरी धावत सुटल्याचा आवाज आला. टॉर्च विझला!

त्या काळोखात येसुबाचा आवाज ऐकू आला. अगदी अदबीचा.

"माफ करा बरं का. तुमची प्रार्थना चाललीय, आमाला म्हाईत नव्हतं. आमी भायेर थांबतो."

आणि खरंच थांबला! ती दगडाची माणसं आहेत, हजार-दीड हजार वर्षं अशीच बसलीत, हे मी बाहेर आल्यावर तीनदा सांगितलं. येसुबा म्हणाला, "आसतील. पर मधी बोलायचं नसतंय."

*

एक दिवस रोमन घराचा पाठ होता. घरात बापाची सत्ता. मूल जन्मलं की त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवायचे. त्यानं उचललं तर ते त्याचं. नाही उचललं तर गावाबाहेर नेऊन टाकायचे. बहुतेक मुलीच. कुणी गुलाम करायला उचलून न्यायचं, कुणी नेतच नसे. ख्रिस्ती लोकांनी अशी काही पोरं घरी नेऊन वाढवली.

मार्थाकाकू वर्गात कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "बाई, उचलणारी मानसं भीत नव्हती का?"

"भीत असतील. असं मूल घरात आणलं तर लोक काय म्हणतील, ही भीती असणारच."

"ती न्हवं." मार्थाकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माझी आय लई भ्याली व्हती. कन्नडचा बाजार उठला व्हता, मी टोपलीत व्हते. तिनं मला उचललं आन् चार कोस चालत आली. सारखी सांगायची, घर येईपातूर मागं वळून बघितलं नाय म्हनून."

"लोकांना भ्याली?"

"नाय वो बाई. कुनी परत मागंल, याला भ्याली!"

*

आता देवदानचं. देवदानची आई पुढं छावणीतच वारली, लेकाच्या घरात, नातवंडांच्या गराड्यात. त्यामुळं हे मी आता न थरथरता सांगू शकते.

देवदान सोयगावकडचा. त्याच्या बापाचा सगळा जन्म एका देशमुखांच्या वाड्यावर गेला. देवदानही तिथंच गुरांत वाढला. एक दिवस कुणाला न सांगता निघाला तो थेट आमच्या शाळेत. अंगठा उठवणारा माणूस दोन वर्षांत घडाघडा वाचायला लागला. पण आई मागं राहिली होती. देशमुखांनी निरोप धाडला, "आमचा माणूस परत येईपर्यंत म्हातारी गाव सोडणार नाही."

त्याच आठवड्यात माझा गुलामांचा पाठ आला! पळालेला गुलाम सापडला तर त्याच्या कपाळावर डाग द्यायचे. आणि असाच एक पळालेला गुलाम, त्याला एका प्रेषितानं हातात पत्र देऊन मालकाकडं परत पाठवलं.

देवदाननं विचारलं, "त्यो गेला, बाई?"

"गेला."

"मग मालकानं काय केलं?"

"ते कुठं लिहिलेलं नाही."

देवदान रात्री जेवला नाही. सकाळी पाद्रीसाहेबांकडं जाऊन म्हणाला, "मला बी चिठ्ठी द्या. मी परत जातो, म्हंजी आय सुटंल."

साहेबांचं अक्षर कुणाला लागायचं नाही, म्हणून पत्र मी लिहून काढलं. साहेब म्हणाले, "मी गेलो तर भांडण होईल. पत्र गेलं तर निदान वाचावं लागेल." म्हणून देवदानबरोबर मी आणि मार्थाकाकू निघालो. आधी बस. नंतर बैलगाडी. गाव दिसलं तेव्हा देवदाननं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

देशमुख ओसरीवर बसले होते. दोन गडी दाराशी. पलीकडं गोठ्यापाशी एक म्हातारी शेण थापत होती, तिनं मान वर केली नाही. मी पत्र पुढं केलं.

"चष्मा आत आहे," देशमुख म्हणाले. "तुम्हीच वाचा, मास्तरीणबाई."

मला काय अवदसा आठवली! मोठ्या अभिमानानं बोलून गेले, "देवदान वाचेल की!"

दाराशी उभा एक गडी पुढं सरकला. देशमुखांनी त्याला हातानं थांबवलं आणि देवदानकडं बघितलं. "वाच."

देवदान अंगणात उभ्यानं वाचायला लागला. पत्रात साहेबांनी लिहिलं होतं की हा आमच्याकडं लेकरासारखा राहिला, याचं चुकलं असेल तर मला बोला, याला परत घेताना चाकर म्हणून घेऊ नका, भाऊ म्हणून घ्या. मी लिहिलेलं, मला तोंडपाठ. देवदान वाचत वाचत त्या ओळीवर आला, क्षणभर अडखळला आणि पुढं गेला. "भाऊ म्हणून घ्या" एवढंच त्यानं गाळलं.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू! वाटलं, शहाणा आहे, वाचलो.

"संपलं, मालक."

देशमुखांनी हात पुढं केला. कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, वरपासून खालपर्यंत सावकाश नजर फिरवली. मग कागद देवदानकडं वळवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितलं गाळलंस तू. वाच."

मार्थाकाकूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"वाच म्हणतो ना!"

देवदाननं वाचलं. इतकं हळू, की मला फक्त ओठ दिसले.

"मोठ्यानं," देशमुख म्हणाले.

देवदाननं डोळे मिटले आणि मोठ्यानं वाचलं. गोठ्यापाशी त्याची आई शेणाचे हात तसेच धरून उठून उभी राहिली.