गड्ड्यावरचं घंटांचं यंत्र

अक्काचं पत्र आलं: "तुझे दाजी दोन दिवस गिरणीत खाडे करून इथं सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत कसल्याशा यंत्रापाशी बसलेत. तू घड्याळं उघडतोस, ते यंत्रही बघ." दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी बार्शीहून निघालो.

छोटी गाडी कुर्डुवाडीपर्यंत रमतगमत जाते. तिथं मोठी गाडी धरायची. जत्रेच्या दिवसांत तिसऱ्या वर्गात उभं राहायची तयारी हवी, आणि भाकरी-शेंगाचटणी बरोबर असलेली बरी. सोलापूर स्टेशनावर टांगेवाला दोन आणे मागतो. मी घाईत होतो, दिले.

पाळण्यांच्या पलीकडे एका तंबूत ते लोखंडी यंत्र होतं. आणा टाकायचा, दांडा ओढायचा, तीन चाकं फिरतात. तिन्हींवर घंटा आली की आण्यांची ओंजळ खाली पडते. मी पोचलो तेव्हा दांडा अडकला होता. दाढी वाढलेले दाजी तरीही जागा सोडायला तयार नव्हते.

"दाजी, घरी चला."

"आता न्हाय. चार दिस घंटा न्हाय आली. आता यायलाच पायजे की."

मी तंबूच्या मालकाला म्हणालो, "दुरुस्त करून देतो. मजुरी नको. पण झाकण उघडं ठेवून यांना आतलं दाखवणार."

तो हसला. "दाखवा की. बघूनबी खेळत्यात लोक."

तुटलेली स्प्रिंग काढून माझ्या पिशवीतली बसवली आणि दाजींना जवळ बोलावलं. प्रत्येक चाकावर दहा चित्रं, घंटा एकच. तीन चाकांच्या मिळून हजार तऱ्हा, त्यांतली एक तीन घंटांची. "आणि मागचं लक्षात ठेवणारं आत काहीच नाही. दर खेपेला नव्यानं सुरुवात."

दाजींनी चाकाला बोट लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मी चार दिस हितं हुतो, ह्येला ठावंच न्हाय?"

"नाही."

टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याबरोबर निघाले.

सकाळी ते गिरणीत गेले. त्यांचा माग दुसऱ्या माणसाला दिला होता. यांना बदली म्हणून घेतलं, कुणी गैरहजर असेल त्या दिवसापुरतं काम. अक्का एवढंच म्हणाली, "घरात जेवायला बसले, लई झालं."

गड्ड्याला गेलात तर यंत्र जरूर बघा. खेळायचंच तर एक-दोन आणे आधी ठरवा, ते गमतीचे समजा, आणि गेलेले परत मिळवायला क्षणभरही थांबू नका.

परतताना मी तंबूपाशी डोकावलो. रांग लागली होती. काल माझ्या खांद्यावरून आत बघणारे दोघे त्यात होते. दांडा लोण्यासारखा चालत होता.

बार्शीला येऊन आठवडा झाला. दाजी सुटले याचं समाधान आहेच. पण माझ्या स्प्रिंगच्या जोरावर आज तिथं कुणाचे तरी दाजी उभे असतील, हे काही मनातून जात नाही.